समोरचा बदल दिसत का नाही? नजर आणि अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा आणि तिसवाडीतल्या शाळांत, वाचनालयांत, कधी चवथीच्या दिवसांत सार्वजनिक गणपतीच्या मंडपात आम्ही एक खेळ दाखवतो. पडद्यावर एक फोटो लुकलुकत असतो, त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बदलते आणि ती शोधून काढायची असते. खेळ झाल्यावर लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तिथे रंगतो. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या.

खेळ नेमका कसा चालतो?

मूळ फोटो क्षणभर दिसतो. मग कोरा करडा पडदा. मग तोच फोटो, पण एका बदलासह. पुन्हा कोरा पडदा, पुन्हा मूळ फोटो. बदल सापडेपर्यंत हे चक्र चालू राहतं. रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओ'रेगन आणि जेम्स क्लार्क या तिघांनी ही पद्धत 1997 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रयोगात प्रत्येक फोटो 240 मिलिसेकंद दिसायचा आणि मधला कोरा पडदा 80 मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. एवढ्याशा फटीत विमानाच्या पंखाखालचं अख्खं इंजिन नाहीसं होतं आणि बघणारा त्याच्याकडेच तोंड करून बसलेला असतो. या प्रकाराला बदल-अंधत्व म्हणतात.

म्हणजे माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का?

नाही. चष्म्याचा नंबरही बदलायला नको. मधला कोरा पडदा काढून टाका आणि तेच दोन फोटो एकामागोमाग एक दाखवा. फरक लगेच डोळ्यांत भरतो. एरवी कुठे काही बदललं की त्या जागी हालचाल झाल्यासारखी वाटते आणि लक्ष आपोआप तिकडे ओढलं जातं. कोरा पडदा आला की सगळा फोटोच एकदम लुकलुकतो आणि ती एका जागेची हालचाल त्या गोंधळात बुडून जाते. कोरा पडदाच हवा असंही नाही. याच मंडळींनी 1999 मध्ये दाखवून दिलं की गाडीच्या काचेवर चिखल उडावा तसे चार-सहा डाग बदलाच्या क्षणी फोटोवर उमटले, आणि तेही बदलाची जागा न झाकता, तरी मोठे बदल निसटतात. पावसाळ्यात ट्रकच्या मागून जाणाऱ्या दुचाकीस्वारांना हे वेगळं सांगायला नको.

आता डोळ्याची मर्यादा. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी लख्ख दिसतो. बाकीचं धूसर असतं. डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत दृश्य फिरून बघतो आणि प्रत्येक उडीच्या वेळी दिसणं जवळपास थांबतं. म्हणजे कोरा पडदा आपण डोक्यात घेऊनच फिरत असतो.

यात अर्थाचा काय संबंध? जे मोठं ते दिसेल, जे लहान ते निसटेल, एवढंच नाही का?

हा आमच्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न. उत्तर: आकारापेक्षा, त्या वस्तूचं त्या दृश्यात काम काय आहे याला जास्त वजन असतं.

1997 च्या त्या प्रयोगात आधी पाच जणांना फोटो दाखवून 'यात काय दिसतं ते सांगा' असं विचारलं. निदान तिघांनी ज्या वस्तूचा उल्लेख केला ती मुख्य, आणि एकानेही जिचं नाव घेतलं नाही ती गौण. मग वेगळ्या लोकांना हे फोटो लुकलुकवून दाखवले. मुख्य गोष्टीतला बदल सापडायला सरासरी सातेक फेऱ्या लागल्या, गौण गोष्टीतल्या बदलाला सतराहून जास्त. वेळात सांगायचं तर साडेचार-पाच सेकंदांच्या जागी जवळपास अकरा सेकंद. आणि गौण बदल आकाराने किंवा रंगाने काही कमी नव्हते.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी लोक सांगायला विसरतात. काही वेळा बघणाऱ्याला आधीच एक शब्द दिला: बदलणाऱ्या वस्तूचं नाव. नाव कळलं की गौण बदलही झटपट सापडू लागले. म्हणजे ते दिसण्याजोगे होतेच. तिथे लक्ष पोचत नव्हतं, कारण त्या वस्तूला दृश्याच्या गोष्टीत काही काम नव्हतं.

मंगेशीच्या देवळाचा फोटो डोळ्यांसमोर आणा. अंगणातली सात मजल्यांची दीपमाळ नाहीशी झाली तर मंगेशी बघितलेला कुणीही काही सेकंदांत बोट दाखवेल. तेवढीच जागा व्यापणारा मागच्या झाडीचा पट्टा डावीकडून उजवीकडे नेला, तर बराच वेळ जाईल. डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशात दोन्ही बदल सारखेच, पण दीपमाळ गेली की मंगेशी 'मंगेशी' राहत नाही. झाडी कुठेही असली तरी झाडीच.

पण मुख्य वस्तू बहुधा ठळक असते, मधोमध असते, रंगीत असते. मग श्रेय अर्थाला का द्यायचं?

शंका रास्त आहे, संशोधकांनाही हीच आली होती. ती दूर करण्याची एक सोपी युक्ती म्हणजे फोटो उलटा करणं, डोकं खाली पाय वर. उलट्या फोटोत रंग तेच, कडा त्याच, उजळपणाही तोच. फक्त अर्थ लागायला कष्ट पडतात. केली, चुन आणि चुआ यांनी 2003 मध्ये नजरेत भरण्याच्या दृष्टीने सारखे असलेले बदल घेऊन हे तपासलं. सरळ फोटोत मुख्य बदलांना मोठा फायदा होता, उलट्या फोटोत तो ओसरला. फायदा नुसत्या ठळकपणाचा असता तर फोटो उलटा केल्याने तो जायचं काही कारण नव्हतं.

2007 मध्ये स्टर्क आणि अंडरवुड यांनी ठळकपणा आणि अर्थ वेगवेगळे करून पाहिले. त्यांच्या फोटोंत वस्तू किती उठून दिसते यावरून बदल सापडेल की नाही हे ठरलं नाही. ती त्या जागी शोभते की नाही यावरून ठरलं.

जॉन हेंडरसन आणि टेलर हेज यांनी 2017 मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी फोटोंचे लहान लहान तुकडे करून लोकांकडून प्रत्येक तुकड्याला 'यात किती अर्थ आहे' असे गुण देववले आणि त्यांतून फोटोचा जणू अर्थाचा नकाशा तयार केला. लोकांची नजर कुठे जाते हे ठळकपणाच्या नकाशापेक्षा या नकाशाने जास्त चांगलं सांगितलं. यावर वाद आहे. यंत्राला भरपूर फोटो शिकवून बनवलेली प्रारूपं नजरेचा अंदाज याहून चांगला बांधतात, तेव्हा हे नकाशे खरोखर अर्थच मोजतात का, अशी हरकत काही जणांनी घेतली आहे. आम्हाला ती दखल घेण्याजोगी वाटते. मात्र बदल सापडण्याबद्दलचे वरचे प्रयोग या नकाशांवर अवलंबून नाहीत.

भलतीच वस्तू असली तर ती लगेच दिसते ना?

थोडं हो, थोडं नाही.

1978 मध्ये जेफ्री लॉफ्टस आणि नॉर्मन मॅकवर्थ यांनी रेखाचित्रं दाखवली. शेताच्या चित्रात ट्रॅक्टरच्या जागी ऑक्टोपस ठेवला तर लोक त्याच्याकडे लवकर आणि जास्त वेळ बघत. त्यावरून बरेच जण असं धरून चालले की विसंगत वस्तू नजर स्वतःकडे खेचते. पुढे 1999 मध्ये हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी जास्त गच्च भरलेली चित्रं वापरली, उदाहरणार्थ बारमध्ये सूक्ष्मदर्शक. तिथे नजर त्या वस्तूवर काही लवकर पोचली नाही. पोचल्यावर मात्र तिथे रेंगाळली. म्हणजे वस्तू विसंगत आहे हे कोपऱ्यातून कळत नाही. ओळखायला तिच्यावर नजर पडावी लागते. मग 'हे इथे कसं?' म्हणून डोळा अडतो.

बदलाच्या बाबतीत हे अडणंच उपयोगी पडतं. हॉलिंगवर्थ आणि हेंडरसन यांनी 2000 मध्ये दाखवलं की दृश्याशी न जुळणाऱ्या वस्तूतला बदल जुळणाऱ्या वस्तूतल्या बदलापेक्षा लवकर सापडतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा फोटो घ्या. चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा, सुक्या मासळीच्या टोपल्या, मातीची भांडी, मिरच्यांचे ढीग. त्यात एक बुडकुली कमी झाली तर कुणाला कळणार? तिथेच एक टाइपरायटर ठेवला असेल आणि तो गेला, तर एकदा नजर पडून गेलेल्या माणसाला त्याची उणीव भासेल.

मग तो प्रसिद्ध गोरिला कसा दिसत नाही? तो तर किती विसंगत!

डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर चाब्रिस यांचा 1999 चा प्रयोग. व्हिडिओत चेंडू किती वेळा फेकला ते मोजण्यात गुंतलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना मधून चालत गेलेला, छाती बडवणारा गोरिला (गोरिलाच्या वेशातला माणूस) दिसलाच नाही. हा थोडा वेगळा प्रकार आहे. तिथे आधीच्या आणि नंतरच्या दृश्याची तुलना करायची नसते. समोर असलेली वस्तूच जाणिवेत येत नाही. पण धडा वरच्याशी जुळतो. विसंगती ओळखण्यासाठी आधी थोडं लक्ष त्या वस्तूकडे जावं लागतं, आणि ते सगळं मोजण्यात खर्च झालेलं असतं.

याचं डॉक्टरांवर केलेलं रूप जास्त बोलकं आहे. 2013 मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वूल्फ यांनी 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं. साधारण गाठीच्या 48 पट मोठं. 20 जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्यावर पडून गेली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी 'गाठ' हा एकच अर्थ होता. हे वाचून कुणी डॉक्टरांना नावं ठेवू नयेत. गाठी त्यांना सामान्य माणसापेक्षा कितीतरी चांगल्या सापडल्या.

माटोळीतलं फळ कमी झालेलं आजीला लगेच कळतं, मला नाही. तिची नजर तीक्ष्ण म्हणायची का?

तिला त्या फळांचा अर्थ ठाऊक आहे म्हणायचं.

आमच्याकडे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीचा एक फोटो आहे. असोले नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, निरफणस, तोरिंजन, आंबाडे, कवंडळं. फोटोत आंबाड्यांचा घोस येतो-जातो. शहरात वाढलेली मुलं डोळे फाडफाडून बघत राहतात. ज्यांनी आयुष्यभर बाजारात फिरून माटोळीचं सामान निवडलं आहे, त्या बायका चष्मा पुसत सांगून मोकळ्या होतात. हा मोजमाप करून केलेला प्रयोग नव्हे, पण मोजमाप केलेले प्रयोगही हेच सांगतात.

वेर्नर आणि थीस यांनी 2000 मध्ये फुटबॉलच्या जाणकारांना आणि नवख्यांना सामन्यांची छायाचित्रं लुकलुकवून दाखवली. (हा अमेरिकेतला हातात चेंडू घेऊन धावायचा फुटबॉल; आपल्या गोव्याचा नव्हे. मडगावच्या मैदानावरच्या जुन्या प्रेक्षकांवर असा प्रयोग कुणीतरी करायला हवा.) जाणकारांना बदल लवकर सापडले, विशेषतः खेळाचा अर्थ बदलून टाकणारे.

बुद्धिबळावरचा पुरावा आणखी नेमका आहे. एयाल राइनगोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये पटावरच्या मांडण्या याच लुकलुकत्या पद्धतीने दाखवल्या. खऱ्या डावातली मांडणी असली की मुरलेले खेळाडू बदल फार लवकर पकडत. तीच मोहरी कशीही विखुरली की त्यांचा वरचष्मा संपायचा. तीक्ष्ण नजर असती तर ती विखुरलेल्या मोहऱ्यांवरही चालली असती. आजीपुढे माटोळीऐवजी मोबाइल दुकानाच्या शोकेसचा फोटो ठेवा, आणि नातवाला बोलवा.

आवडीनिवडीचाही परिणाम होतो का?

होतो. जोन्स आणि सहकाऱ्यांचा 2003 चा एक प्रयोग आहे. फोटोत एकाच वेळी दोन बदल होत: एक दारूशी संबंधित वस्तूत, दुसरा साध्या वस्तूत. कुठला आधी सापडतो ते बघायचं. ज्यांना दारूशी संबंधित बदल आधी सापडला, त्यांचं पिणं सरासरीने जास्त होतं. हे ऐकल्यावर आमच्या श्रोत्यांत हसणं पिकतं आणि कुणीतरी शेजाऱ्याकडे बघतं. एकट्या माणसाबद्दल यावरून काही ठरवू नये. सरासरी ही गटाची असते, शेजाऱ्याची नव्हे.

समोरचा माणूसच बदलला तर कळेल ना?

सगळ्यांना वाटतं, कळेल. सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांचा 1998 चा प्रयोग कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात झाला. एक अनोळखी माणूस नकाशा घेऊन रस्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघे जण एक मोठं दार उचलून मधूनच जातात आणि त्या आडोशाने रस्ता विचारणारा बदलतो. नव्या माणसाचे कपडे वेगळे, आवाज वेगळा, उंची वेगळी. 15 पैकी 7 जणांनाच कळलं. बाकीचे रस्ता सांगत राहिले.

इथेही अर्थ आडवा येतो. ज्यांना कळलं ते रस्ता विचारणाऱ्यांच्याच वयाचे विद्यार्थी होते. वयस्करांना कळलं नाही. मग संशोधकांनी त्याच माणसांना बांधकाम मजुरांचे कपडे घातले. आता विद्यार्थ्यांनाही कळेना: 12 पैकी फक्त 4 जणांना कळलं. लेखकांचं म्हणणं असं की समोरचा 'आपल्यातला' वाटला तर आपण त्याचा चेहरा बघतो, परका वाटला तर 'एक मजूर' एवढीच नोंद घेतो. एका मजुराच्या जागी दुसरा मजूर आला तर त्या नोंदीत काहीच बदलत नाही. हे वाचून जरा ओशाळायला होतं. कळंगुटला बिलाच्या वेळी, आपली ऑर्डर घेणारा मुलगा नेमका कोणता होता हे आठवून बघा.

चेहऱ्यांच्या बाबतीत वंशामुळे फरक पडतो का?

पडतो. ग्लिन हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये गोऱ्या आणि भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांवर बदल-अंधत्वाचा प्रयोग केला. दोन्ही गटांना आपल्यासारख्या चेहऱ्यांतले बदल लवकर सापडले. 'सगळे गोरे सारखेच दिसतात' असं किनाऱ्यावरचा माणूस म्हणतो, तसं तेही आपल्याबद्दल म्हणतात. दोघेही आपल्या नजरेपुरते खरं बोलतात.

वेगवेगळ्या देशांचे लोक दृश्य वेगळं बघतात हे खरं का?

ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांनी 2006 मध्ये अमेरिकी आणि पूर्व आशियाई लोकांची तुलना केली. पुढच्या, मुख्य वस्तूतले बदल अमेरिकी लोकांना जास्त सापडले. पार्श्वभूमीतले आणि वस्तूंच्या आपसातल्या नात्यांतले बदल पूर्व आशियाई लोकांना. म्हणजे दृश्यात मुख्य काय हे सगळीकडे एकच नसतं. यावरून 'पाश्चात्त्य तुकड्यांत बघतात, पौर्वात्य समग्र बघतात' असं सरसकट बोलणारे भेटतात. तेवढं आम्ही बोलणार नाही. भारतीय, त्यातून गोव्यातला माणूस या दोन टोकांत कुठे बसतो हे त्या आकड्यांतून निघत नाही.

जनावरं पटकन दिसतात का?

दिसतात. जोशुआ न्यू, लेडा कॉस्मिडीस आणि जॉन टूबी यांच्या 2007 च्या प्रयोगात माणसं आणि प्राणी यांतले बदल वाहनं, इमारती, झाडं यांतल्या बदलांपेक्षा लवकर आणि जास्त अचूक सापडले. आपण रोज वाहनांत वावरतो, हत्तीत नाही, तरीही. लेखकांनी कारण उत्क्रांतीत शोधलं. ते पटो न पटो, निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रस्त्यावर याचा काही उपयोग? अपघातानंतर 'बाइक दिसलीच नाही' म्हणतात ते खोटं असतं का?

नेहमीच खोटं असतं असं नाही. क्रिस्टन पॅमर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात लोकांना रस्त्यावरच्या प्रसंगांचे फोटो दाखवून ते सुरक्षित वाटतात का असं विचारलं. शेवटच्या फोटोत एक अनपेक्षित वाहन होतं. काहींना मोटारसायकल, काहींना टॅक्सी. मोटारसायकल न दिसण्याचं प्रमाण टॅक्सीच्या साधारण दुप्पट होतं. मोटारसायकलला चालकाच्या मनातल्या यादीत खालची जागा असते, असा त्यांचा अर्थ.

गोव्यात यातून एक गंमत निघते. आपल्याकडे पायलट आहे, म्हणजे मोटारसायकल हीच टॅक्सी. रस्त्यावर दुचाकींचाच भरणा आहे, तेव्हा इथल्या चालकाच्या यादीत दुचाकी वर असेल असा आमचा अंदाज. पण ज्या गावात दुचाकी क्वचित दिसते तिथून आलेला पाहुणा भाड्याची गाडी घेऊन फोंड्याच्या तिठ्यावर उभा असेल, तर त्याने नुसतं 'उजवीकडे बघितलं' म्हणून भागत नाही. त्याने 'उजवीकडे दुचाकी आहे का' असं मनात विचारून बघावं. 1997 च्या प्रयोगातल्या त्या आधी दिलेल्या शब्दाचं काम हा प्रश्न करतो.

गावामागचा डोंगर हळूहळू कापला जातो आणि कुणाला जाणवत नाही. तो हाच प्रकार ना?

नातं आहे, पण प्रकार तोच नव्हे. सायमन्स, फ्रँकोनेरी आणि रायमर यांनी 2000 मध्ये दाखवलं की कोरा पडदा नसला तरी काही सेकंदांत अगदी हळू होणारे बदल लोकांना दिसत नाहीत. तिथे लक्ष ओढणारी हालचालच नसते. डोंगर कापायला मात्र वर्षं लागतात. त्यात स्मृती येते, सवय येते, आणि न बघण्याची सोय येते. तेवढं सगळं डोळ्यांवर ढकलू नये.

बदल दिसत नाहीत म्हणजे आपल्या आठवणीत काही राहतच नाही का?

सुरुवातीला काही जण असं म्हणत होते. ते फारसं टिकलं नाही. हॉलिंगवर्थ आणि हेंडरसन यांनी 2002 मध्ये दाखवलं की एकदा नजर टाकून पुढे गेलेल्या वस्तूंचे तपशीलही बऱ्यापैकी राहतात. त्या वस्तूबद्दल थेट विचारलं तर लोक योग्य रूप निवडू शकतात. बदल निसटण्यासाठी आठवण कोरीच असावी लागते असं नाही. आठवण असते, तुलना होत नाही.

आणि अर्थ काही वेळा नसलेलंही भरतो. विल्यम ब्रूअर आणि जेम्स ट्रेयन्स यांनी 1981 मध्ये 30 जणांना थोडा वेळ विद्यापीठातल्या एका खोलीत थांबवलं, मग बाहेर नेऊन आत काय काय होतं ते लिहायला सांगितलं. 9 जणांनी पुस्तकं लिहिली. खोलीत पुस्तकं नव्हती. विद्यापीठातली खोली म्हटल्यावर पुस्तकं असणारच, हे त्यांच्या मनाने परस्पर भरून टाकलं. देवघरातली समई आज कुणी हलवली असेल, तरी संध्याकाळी तुम्ही शपथेवर सांगाल की ती जागेवरच होती. साक्षी-पुराव्याच्या कामात वावरणाऱ्यांनी ही बाजू विशेष लक्षात घ्यावी: अर्थपूर्ण बदल पकडून देणारं जे मन, तेच अपेक्षित वस्तू जागेवर असल्याची ग्वाहीही देतं.

सरावाने हे अंधत्व जातं का?

एकाच फोटोचा सराव केलात तर तो फोटो पाठ होतो, एवढंच. ज्या क्षेत्रात मुराल तिथले बदल दिसू लागतात. बाकी ठिकाणी तुम्ही आम्हा सगळ्यांसारखेच.

हा बुद्धीचा किंवा आजाराचा निकष आहे का?

नाही. मुलाला बदल सापडला नाही म्हणून डॉक्टर गाठू नका, आणि सापडला म्हणून पेढे वाटू नका.

घरी करून बघता येईल का?

येईल. एकाच जागेचे एकाच कोनातून दोन फोटो हवेत, म्हणून मोबाइल स्टँडवर किंवा डब्याला टेकवून घट्ट ठेवा. हाताने काढलेले फोटो जरासे सरकतात आणि मग सगळंच हलतं. फोटोत बदल करणारं ॲप येत असेल तर एकाच फोटोतली वस्तू पुसून दुसरा तयार करणं जास्त चांगलं. मग हलती चित्रं बनवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये मूळ, करडा, बदललेला, करडा या क्रमाने टाका आणि सतत फिरू द्या. फोटो पाव सेकंद आणि करडा पडदा त्याच्या तिसऱ्या भागाइतका ठेवा. ॲपला इतकं बारीक जमत नसेल तर करडा पडदा किंचित लांबला तरी बिघडत नाही.

खरी मजा जोड्या करण्यात आहे. एकाच फोटोत सारख्या आकाराचे दोन बदल निवडा. पणजीच्या फोंतेन्याशमधल्या घराचा फोटो असेल, तर एका जोडीत दारावरची घराच्या नावाची फरशी काढा आणि दुसऱ्या जोडीत तेवढाच भिंतीचा पोपडा. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या लोकांना दाखवा आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजा. मग तोच फोटो उलटा करून आणखी काही जणांना दाखवा. फरक पडतो की नाही ते तुमचे तुम्हालाच दिसेल. घरात माणसं कमी असतील तर शेजारून बोलवा, कारण एकदा बदल सापडलेल्या माणसाला तो फोटो पुन्हा वापरता येत नाही.

ज्याला आधी सापडेल त्याने ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. कागदावर लिहून कागद पालथा घालायचा.